देवळाई ते चिकलठाणा, स्वतःच्या गाडीशिवाय

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. छत्रपती संभाजीनगरात देवळाई चौकापासून आत सातशे मीटरवर फ्लॅट घेतलाय. नोकरी चिकलठाणा एमआयडीसीत, साडेनऊ ते सहा. स्कूटी चालवायची नाही, घरातली एकमेव गाडी मिस्टर वाळूजला नेतात. सासूबाईंना महिन्यातून दोनदा घाटी या सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं. थेट बस सापडत नाही, आणि सापडली तर तिच्या वेळेचा भरवसा नाही. शेजारीपाजारी म्हणतात, बीड बायपासला राहायचं तर गाडी पाहिजेच. खरंच पाहिजे का?

नाही. पण तुम्ही जी थेट बस शोधताय ती शोधणं आधी सोडा. बायपासवर राहून गाडीशिवाय हैराण होणारे बहुतेक लोक याच एका गोष्टीनं हैराण होतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. सहाची सुट्टी खरोखर सहाला होते की साडेसातला, यावर निम्मं गणित फिरतं. सातशे मीटर रोज दोनदा चालायला गुडघे तयार आहेत का? घरापासून चौकापर्यंत रात्री दिवे आहेत का? ही तिन्ही उत्तरं बरी असतील तर पुढचं सगळं लागू पडेल. रोज रात्री नऊनंतर सुटणार असाल तर मात्र निव्वळ बस-रिक्षावर विसंबू नका, ऑफिसातून सोबत शोधावीच लागेल.

आता नकाशा उघडा आणि रेल्वेची रेघ बोटानं ओढून बघा. सातारा-देवळाई रुळाच्या दक्षिणेला; जालना रोड, सिडको, औरंगपुरा, घाटी, तुमचं ऑफिस, सगळं उत्तरेला. रूळ ओलांडायला तुमच्या उपयोगाच्या जागा मोजक्या: शिवाजीनगरचा भुयारी मार्ग, संग्रामनगरचा उड्डाणपूल, आणि पश्चिमेला स्टेशनजवळून पैठण रोडकडे येणारा पूल. बस असो, रिक्षा असो, कुणाची कार असो, सगळ्यांना याच भोकांतून जायचंय. म्हणून आपण घर ते ऑफिस असा विचार न करता घर ते रूळ, रूळ ते जालना रोड, जालना रोड ते ऑफिस असे तीन तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला वेगळं वाहन असू शकतं, आणि बहुतेक वेळा असावंच.

थेट बस का नसते, तेही समजून घ्या, म्हणजे रोज चिडचिड होणार नाही. स्मार्ट सिटीची शहर बस सुरू झाली ती शंभर गाड्यांचा ताफा धरून. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. भागाकार केला तर हजार माणसांमागे ०.०८५ बस. केंद्राच्या शहरी वाहतुकीच्या मापदंडात हजारी ०.६ किंवा त्याहून जास्त ही पहिली श्रेणी आणि ०.२ च्या खाली शेवटची. आपण शेवटच्या श्रेणीतही तळाला. त्यात पंधरा किलोमीटरचा एक मार्ग धरा. गर्दीच्या वेळी जायला तास, यायला तास, दोन्ही टोकांना मिळून पंधरा मिनिटांचा विसावा. म्हणजे एक गाडी सव्वादोन तासांनी त्याच थांब्यावर परत येते. दर पंधरा मिनिटांनी बस हवी असेल तर त्या एकाच मार्गावर नऊ गाड्या गुंतल्या. रोज काही गाड्या डेपोत दुरुस्तीला असतात, त्या वजा केल्या तर अख्ख्या शहरात असे नऊ-दहाच मार्ग निघतात. उरलेल्या वस्त्यांना तासा-दीड तासानं एखादी फेरी. ही फेरी चुकली की दिवस गेला.

सातारा-देवळाईत आणखी एक अडचण आहे, गुंठेवारीची, म्हणजे मंजूर नकाशाशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या प्लॉटची. प्लॉट पडत गेले तसतशा गल्ल्या झाल्या; पुष्कळ गल्ल्या पुढे बंद आहेत, काही नऊ मीटरच्याही नाहीत. बसला आत शिरायचं तर बाहेर पडायला दुसरा रस्ता लागतो, नाहीतर वळायला मोकळी जागा. ती नसेल तर बस मुख्य रस्त्यावरूनच जाणार. सोसायटीच्या दारात बस यावी म्हणून अर्ज जरूर करा, पण तुमची रोजची सोय त्या अर्जावर टांगून ठेवू नका.

मग करायचं काय? जिथं सतत काही ना काही येत राहतं अशा रस्त्याला सगळ्यात जवळच्या वाटेनं जाऊन भिडायचं. आपल्या शहरात तो रस्ता जालना रोड. क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको चौक, मुकुंदवाडी, चिकलठाणा या पट्ट्यावर शहर बस आहे, सीटवर, म्हणजे माणशी भाड्यावर चालणाऱ्या शेअर रिक्षा आहेत, जालन्याकडच्या एसटी आहेत. एक हुकली तर दुसरी येते. देवळाई चौकातून त्याला भिडायची जवळची वाट म्हणजे शिवाजीनगर, सूतगिरणी चौक, गजानन महाराज मंदिर, सेव्हन हिल्स. अंतर साधारण साडेतीन-चार किलोमीटर. या तुकड्यावर बसची वाट बघायची नाही, शेअर रिक्षा धरायची.

माणसं इथंच अडखळतात. मन म्हणतं, दोनदा बदलण्यापेक्षा एकच बस बरी. पण तासाला एक असलेली थेट बस दोन मिनिटांनी चुकली तर अठ्ठावन्न मिनिटं गेली. रिक्षा चुकली तर पाच-सात मिनिटं, जालना रोडवरची गाडी चुकली तर दहा-पंधरा. दोन्ही चुकल्या तरी पंचवीसच्या आत. नोकरीला जाणाऱ्या माणसानं सरासरी वेळ बघू नये, वाईट दिवशी किती वेळ लागतो ते बघावं. बॉस सरासरीवर लेटमार्क लावत नाही.

आता हे तुमच्या थांब्यावर मोजून घ्या, ऐकीव माहितीवर राहू नका. कामाचे पाच दिवस, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, जिथून चढणार त्या जागी तुम्हाला चालेल असं प्रत्येक वाहन किती वाजता गेलं ते मोबाइलवर लिहा. भरून न थांबता गेलेली बस मोजायची नाही. समजा एका सकाळी सेव्हन हिल्सला सिडकोकडच्या बस ८:१२, ८:१९, ८:४१, ८:४४ आणि ९:०३ ला आल्या. मधली अंतरं ७, २२, ३ आणि १९ मिनिटं. सरासरी पावणेतेरा, म्हणून बहुतेक जण म्हणतील की सरासरी साडेसहा मिनिटं थांबावं लागेल. तसं होत नाही. बावीस मिनिटांच्या मोकळ्या वेळेत थांब्यावर येऊन पडणारी माणसं तीन मिनिटांच्या फटीत येणाऱ्यांपेक्षा सातपट जास्त असतात, त्यामुळे तुम्ही लांबच्या फटीत सापडायची शक्यताही तेवढीच जास्त. प्रत्येक अंतराचा वर्ग करून बेरीज घ्या, ९०३ येते. तिला एकूण मिनिटांच्या दुपटीनं, म्हणजे १०२ नं भागा. उत्तर जवळजवळ नऊ मिनिटं. ही झाली खरी सरासरी. आणि वेळापत्रक आखताना धरायचा आकडा नऊसुद्धा नाही, बावीस. ज्या दिवशी एवढं थांबायची तयारी नसेल त्या दिवशी सीटची रिक्षा.

८:४१ आणि ८:४४ अशा जोडीनं बस येतात त्याचं कारणही सोपं आहे. पुढची बस कुठं तरी सिग्नलला अडकून उशिरा आली की प्रत्येक थांब्यावर जास्त लोक साठलेले असतात, चढायला-उतरायला जास्त वेळ जातो, ती आणखी मागं पडते. मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात, ती पळत येऊन पुढचीला गाठते. म्हणून खच्चून भरलेली बस आली की दोन-तीन मिनिटं मागच्या वळणाकडे बघत राहा. बऱ्याचदा मागून रिकामी येत असते. ताटकळत उभं राहण्यात बसायला जागा मिळण्याची एवढी एकच संधी आहे, ती सोडू नका.

सकाळचं गणित उलट्या बाजूनं मांडा. साडेनऊची हजेरी, म्हणजे गेटवर ९:२०. थांब्यापासून गेटपर्यंत दहा मिनिटं पायी धरली तर ९:१० ला उतरायचं. सेव्हन हिल्सपासून तिथवर गर्दीत वीस मिनिटं, म्हणजे ८:५० ला गाडीत बसलेलं हवं. थांबण्याचे पंधरा धरा (मघाचे बावीस नाहीत, कारण पंधरात बस आली नाही तर सीटची रिक्षा आहेच), म्हणून ८:३५ ला सेव्हन हिल्स. देवळाई चौकातून रिक्षा वीस मिनिटं, रिक्षा मिळायला आठ. चौकात ८:०७. घरून चालत नऊ मिनिटं. कडी ७:५८ ला लावायची. एकूण ब्याऐंशी मिनिटं हातात ठेवायची; चांगल्या दिवशी साठ-पासष्टात पोचाल. स्कूटीवर हेच पंचवीस-तीस मिनिटांत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. रोज एका बाजूनं अर्धा-पाऊण तास जास्त जातो. तो परवडतो का, हे तुम्हीच ठरवायचं.

शेअर रिक्षाचे काही अलिखित नियम आहेत. बसायच्या आधी 'सीटवर की स्पेशल?' (स्पेशल म्हणजे अख्खी रिक्षा आपल्यासाठी) हे विचारायचं, आणि उतरायची जागा सांगून सीट कितीला तेही. दुपारच्या निवांत वेळी रिकाम्या रिक्षात तुम्ही एकट्या बसलात आणि हे विचारलं नाही, की उतरताना वाद होतो. अड्ड्यावर रिक्षा नंबरानं लागतात. पहिल्या नंबरची भरल्याशिवाय दुसरी हलत नाही. रिकामी रिक्षा भरायला दहा मिनिटंही लागतात. म्हणून अड्ड्यावर पहिल्या नंबरात दोन जण बसलेले असतील तरच बसा. नसतील तर अड्ड्याच्या पुढं पन्नास-शंभर पावलं जाऊन चालती रिक्षा धरा, तिच्यात आधीच दोघं असतात आणि ड्रायव्हर तिसऱ्याच्या शोधात असतो. परवान्याप्रमाणं रिक्षात तीनच प्रवासी. पुढं ड्रायव्हरशेजारी चौथा-पाचवा बसवतात, तिथं बसू नका; वळणावर धरायला काही नसतं आणि अपघात झालाच तर विम्याच्या वेळी भानगड होते. दहाच्या नोटा आणि नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा. चौकात मागून हॉर्न वाजत असताना क्यूआर स्कॅन करणं म्हणजे ड्रायव्हरच्या, मागच्यांच्या आणि आपल्याही डोक्याला ताप.

रस्ता ओलांडणं हा खरा अवघड भाग आहे, आणि त्याबद्दल कुणीच काही सांगत नाही. आपण डावीकडून चालतो. म्हणजे जालना रोडवर सिडको-चिकलठाण्याकडं जाणारी बाजू उत्तरेची आणि क्रांती चौकाकडं येणारी दक्षिणेची. तुम्ही गजानन मंदिराकडून, दक्षिणेकडून येता, तेव्हा सकाळी सेव्हन हिल्सला रस्ता ओलांडून पलीकडं जावं लागतं. तो उड्डाणपुलाखालूनच ओलांडा, पुलाच्या उताराशी नको. उतारावरून येणारी गाडी वेगात असते आणि कठड्यामुळं चालकाला माणूस उशिरा दिसतो. एमआयडीसी जालना रोडच्या उत्तरेला, त्यामुळं सकाळी उतरल्यावर ओलांडायचं काम नाही. संध्याकाळी उलटं: आधी एमआयडीसीसमोर जालना रोड ओलांडायचा, मग सेव्हन हिल्सला मात्र सरळ गजानन मंदिराच्या तोंडाशीच उतरता. म्हणजे सगळ्यात वाईट ओलांडणं येतं संध्याकाळी सव्वासहाला, अंधार पडायच्या सुमारास, सहा पदरी वाहत्या रस्त्यावर. तिथं दुभाजकाच्या फटीतून पळत जाणारे रोज दिसतील. तुम्ही पाच मिनिटं जास्त चाला आणि सिग्नलच्या चौकात ओलांडा.

बायपासलाही तेच. आता तिथं मधला रस्ता, सर्व्हिस रोड आणि चौकांवर पूल झालेत. रिक्षा शिवाजीनगरकडून येऊन बऱ्याचदा बायपासच्या अलीकडंच सोडते. पुलाखालून ओलांडताना चार प्रवाह येतात: दोन सर्व्हिस रोडचे आणि दोन वळणारे. उलट्या दिशेनं येणारे दुचाकीवाले हा पाचवा. दोन्हीकडं बघा, एकेरी रस्ता असला तरी. पाठीवरच्या पिशवीला चमकणारी पट्टी शिवून घ्या, सायकलच्या दुकानात मीटरवर मिळते.

पुलाची आणखी एक गंमत. पुलावरून गेलेली गाडी पुलाखालच्या थांब्यावर येत नाही. लांब पल्ल्याच्या एसटी पुलावरून निघून जातात, म्हणून सेव्हन हिल्सला एसटीची वाट बघत उभं राहू नका. एसटी धरायची तर सिडको बसस्थानकातून. तिथून जालन्याकडच्या साध्या गाड्या चिकलठाण्यावरून जातात. चढण्याआधी कंडक्टरला विचारा, 'चिकलठाण्याला थांबते का?' विनाथांबा असेल तर तो नाही म्हणेल, आणि ते बरोबरच आहे.

आता पैशाचं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून. ही सवलत एसटीची, शहर बसची नव्हे. शहर बसमध्ये चढून अर्ध्या तिकिटावरून वाद घालू नका. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यानं लागतं, त्यामुळं तीन किलोमीटर गेलात तरी एक टप्पा भरावाच लागतो. सिडको ते चिकलठाणा एवढ्याशा अंतराला म्हणून एसटी फार स्वस्त पडत नाही. पण तुमच्यासारखीच कुणी शेंद्र्याला, करमाडला, वाळूजला किंवा बिडकीनला जात असेल तर तिच्यासाठी एसटी हेच मुख्य वाहन. तिथं पासचा मोह होतो, तर हे गणित बघा. मासिक पासला वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास करता येतो. पुरुष महिन्यात पंचवीस दिवस कामाला जात असेल तर पाच दिवसांचं भाडं वाचतं. पाच दिवसांचा आठवडा आणि वर दोन सुट्ट्या झाल्या तर वीसच दिवस भरतात, वाचलं काहीच नाही. महिलेचा हिशोब आणखी वेगळा. ती सव्वीस दिवस अर्धं तिकीट काढून गेली तर खर्च पूर्ण भाड्याच्या तेरा दिवसांएवढाच. म्हणून पूर्ण भाड्यावरचा पास तिनं काढू नये, रोजचं तिकीटच काढावं. तीन महिन्यांच्या पासला पन्नास दिवसांचं भाडं भरून नव्वद दिवस मिळतात, तो पुरुषांना चांगला. पण महिलेचे अठ्ठ्याहत्तर दिवस अर्ध्या तिकिटानं एकोणचाळीस दिवसांच्या भाड्यात होतात. तिथंही तिकीटच जिंकतं.

वाळूजकडं जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. बाबा पेट्रोल पंपापासून नगर नाका, गोलवाडी, पंढरपूर (वाळूजजवळचं, विठोबाचं नव्हे), बजाजनगर, रांजणगाव या रेघेवर बस, रिक्षा, काळीपिवळी सगळं आहे, आणि कंपन्यांच्या बस तर आहेतच. कंपनीची बस बायपासवरून जाते का, हे आधी एचआरला विचारा. बसमध्ये जागा असूनही नवीन माणसाला ती असते हेच कुणी सांगत नाही. तुमच्या मिस्टरांना अशी बस मिळाली तर गाडी घरी राहील आणि अर्धा प्रश्न वेगळ्याच वाटेनं सुटेल.

संध्याकाळचा परतीचा प्रवास सकाळपेक्षा वेगळा आखायचा. सकाळी सुरुवातीचा तुकडा विरळ आणि नंतरचा दाट असतो. संध्याकाळी सुरुवातीला जालना रोडवर गाड्याच गाड्या, आणि शेवटचा तुकडा, सेव्हन हिल्स ते देवळाई, हळूहळू विरळ होत जातो. म्हणून घड्याळ शेवटच्या तुकड्याचं लावायचं. गजानन मंदिराच्या रस्त्यावर देवळाईकडची सीट किती वाजेपर्यंत सहज मिळते, हे तुमच्या पाच दिवसांच्या नोंदीत सगळ्यात महत्त्वाचं. समजा साडेआठनंतर रिक्षा नुसत्या शिवाजीनगरपर्यंतच जायला लागल्या, तर तुमची हद्द आठ. ऑफिसमध्ये सात वाजून गेले की मनात घंटी वाजली पाहिजे. हद्द ओलांडली तर ओढाताण न करता सेव्हन हिल्सवरून स्पेशल करायची. सगळ्या मार्गाची स्पेशल करू नका, त्या चार किलोमीटरचीच. महिन्याला अशा चार-पाच स्पेशलचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. ज्यांनी हे पैसे धरलेले नसतात ते पहिल्या अडचणीच्या रात्री वैतागतात आणि पुढच्या महिन्यात शोरूममध्ये दिसतात.

परतीला भाजी-किराणा घेऊन यायची सवय असेल तर वजन पाच किलोच्या आत ठेवा, दोन्ही खांद्यांवर जाईल अशा पिशवीत. गव्हाचं पोतं, तेलाचा डबा वगैरे देवळाई-साताऱ्यातल्या किराणावाल्याकडूनच मागवा; दोन रुपये जास्त गेले तरी घरपोच येतं.

घाटीचं वेगळं. ओपीडीचा नंबर सकाळी लवकर लावावा लागतो आणि म्हातारं माणूस बरोबर असतं, त्यामुळं जाताना सरळ स्पेशल. संग्रामनगरच्या पुलावरून गेलात तर सेव्हन हिल्सचा वळसा आणि जालना रोडची गर्दी टळते. येताना घाई नसते, दुपारी रस्ते मोकळे असतात, तेव्हा बदलत या. सासूबाईंचं वय पासष्टच्या पुढं असेल तर आधार कार्ड जवळ ठेवाच. गावाकडं एसटीनं जाताना पासष्ट ते पंचाहत्तर वयाला निम्मं आणि पंचाहत्तरनंतर पूर्ण मोफत आहे.

ऋतूंचा हिशोबही धरावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सातशे मीटर सकाळी आठला ठीक, दुपारी दोनला नाही. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दुपारी परतणार असाल त्या दिवशी चौक ते घर रिक्षाच करा. पावसाळ्यात दोन अडचणी: गल्लीतला चिखल आणि भुयारी मार्गात साचणारं पाणी. मोठा पाऊस पडून गेला की शिवाजीनगरकडं न जाता थेट संग्रामनगरच्या पुलानं जायचं, हे डोक्यात पक्कं ठेवा. त्या दिवशी सगळं शहर त्याच पुलावर असतं, वीस मिनिटं जास्त धरा. ऑफिसात एक जोडी सुक्या चपला ठेवणं ही साधी गोष्ट, पण जुलैत त्यावर दिवस अवलंबून असतो.

काही दिवस वेळापत्रकच मोडतं. १९ फेब्रुवारीला शिवजयंती आणि १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका, गणेश विसर्जन, अशा दिवशी क्रांती चौकाच्या आसपास वाहतूक वळवतात. तुमचा मार्ग सेव्हन हिल्सच्या पूर्वेला असल्यानं थेट झळ कमी, पण क्रांती चौकाकडून येणाऱ्या बस उशिरा किंवा अर्ध्यातूनच परत फिरलेल्या. आषाढीला एसटीच्या गाड्या पंढरपूरला आणि नाथषष्ठीला पैठणला जादा सोडतात, तेव्हा साध्या फेऱ्या कमी होतात. एसटीवर अवलंबून असलेल्यांनी आदल्या दिवशी बसस्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाला विचारून ठेवावं. चौकशीच्या खिडकीपेक्षा फलाटावर उभ्या असलेल्या कंडक्टरला विचारलं तर उत्तर जास्त नेमकं मिळतं.

रेल्वेचं नाव कुणीतरी काढेलच. मुकुंदवाडी स्टेशन नकाशावर मोहात पाडतं. जालना, परभणी, नांदेडला जायला ते कामाचं आहे, रोजच्या शहरातल्या प्रवासाला नाही. दिवसात तिथं थांबणाऱ्या गाड्या इन-मीन, आणि त्यांच्या वेळा नोकरीच्या वेळांशी जुळत नाहीत.

सायकल चालते का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. घर ते देवळाई चौक आणि फार तर सूतगिरणी चौकापर्यंत चालते. जुनी, दिसायला साधी घ्या, आणि रोज ज्या दुकानातून काही ना काही घेता त्याच्या समोर साखळीनं बांधा. बायपासवर सायकल चालवू नका.

पहिला प्रयोग सोमवारी करू नका, सोमवारी गाड्या जास्त भरतात. रविवारीही नको, त्या दिवशी फेऱ्या वेगळ्या असतात आणि रस्ते मोकळे, अंदाज खोटा निघतो. बुधवार-गुरुवार बरे. मिस्टरांना त्या दोन दिवशी फोन चालू ठेवायला सांगा. पाच दिवसांच्या नोंदी झाल्या की इथं टाका, त्यातही संध्याकाळच्या नोंदी पहिल्यांदा. सेव्हन हिल्सला बदलायचं की एक थांबा पुढं सिडको चौकात, हे त्या बघूनच सांगता येईल.